ठिणगी कोठें हरवली?



गेल्या हिवाळ्यांत आम्ही नववीच्या मुलांस घेऊन श्रीगोंद्याहून दौंडमार्गें भिगवणजवळ रोहित पक्षी पाहावयास गेलों होतों. भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या फुगवट्याचें विस्तीर्ण पाणी तेथें पसरलें आहे. तेथील मासेमारी करणारे लोक पाहुण्यांस होडींतून पक्ष्यांजवळ नेतात. आमच्या होडीच्या पाठीमागें पेट्रोलवर चालणारें एक जुनें इंजिन टांगलेलें होतें. परततांना, किनारा बराच दूर असतां, तें एकाएकीं बंद पडलें.

नावाडीमामांनीं दोरी ओढली. एकदां, पांचदां, दहादां. इंजिन मुकेंच. वारा सुटला होता व होडी आडवी होऊं लागली. मुलांची बडबड थांबली. कोणीं विचारलें नसतां आम्हीं सल्ला दिला, “मामा, पेट्रोलांत पाणी गेलें असेल.”

मामा शांतपणें म्हणाले, “गुरुजी, वास येतोय न्हवं? पेट्रोल पोचतंय. इस्तू पडत नाय.”

इतकें बोलून त्यांनीं वल्हीं हातीं घेतलीं. पाण्याच्या मध्यावर इंजिन उघडण्याच्या भरीस ते पडले नाहींत. किनाऱ्यास लागल्यावर मात्र त्यांनीं जें करून दाखविलें, तो आमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील एक जिवंत धडा होता.

प्रथम ही ठिणगी उत्पन्न कशी होते तें पाहूं. आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाच्या डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. तेथें दाबलेली हवाच इतकी तापते कीं तेल आपोआप पेटतें. पेट्रोल इंजिनास मात्र ठिणगी लागते. चुंबक हालला असतां जवळच्या तारेच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅराडे यानें १८३१ सालीं दाखवून दिलें. इंजिनाच्या माथ्यावरील फ्लायव्हील नांवाच्या जड चाकांत चुंबक बसविलेले असतात. त्याखालीं कॉइल असते. तिच्यांत जाड तारेचे थोडे व बारीक तारेचे पुष्कळ वेढे असतात. चाक फिरलें कीं जाड तारेंत वीज वाहते. नेमक्या क्षणीं पॉइंट नांवाचे दोन लहान धातूचे तुकडे एकमेकांपासून विलग होतात व प्रवाह एकदम तुटतो. त्या आकस्मिक तुटण्यानें बारीक तारेंत हजारों व्होल्टांचा दाब उत्पन्न होतो आणि प्लगच्या फटींतून ठिणगी उडी घेते. या सर्व रचनेस मॅग्नेटो म्हणतात. दोन धावांच्या इंजिनांत दर फेऱ्यास एक ठिणगी लागते. मिनिटास ३००० फेरे होत असल्यास सेकंदास किती ठिणग्या पडतात? गणित करून पाहा. उत्तर ५० येईल.

आतां मामांची रीत पाहा. त्यांनीं प्लग काढला. तो पेट्रोलनें ओला होता. अर्थात् इंधन पोंचत होतें. तो कोरडा असता, तर दोष इंधनाच्या वाटेवर शोधावा लागला असता. नंतर त्यांनीं पेट्रोलचा नळ बंद केला, सांडलेलें पेट्रोल पुसलें व वाफ निघून जाऊं दिली. मग प्लग त्याच्या टोपींत बसवून, कोरड्या रबरी मुठीच्या पकडींत धरून, प्लगच्या भोंकापासून दूर इंजिनाच्या उघड्या धातूस टेकविला व दोरी ओढविली. ठिणगी नाहीं. नवा प्लग लावला, तरीही नाहीं. टोपी व जाड वायर तपासली; त्यांत दोष नव्हता. तेव्हां त्यांनीं इंजिन बंद करण्याच्या कळीची वायर सोडविली व पुन्हां दोरी ओढविली. तोंच निळी, टणत्कार करणारी ठिणगी!

कारण उघड होतें. ही कळ दाबली असतां कॉइलची वीज इंजिनाच्या धातूंत जिरून जाते व ठिणगी थांबते. त्या वायरीवरील आवरण घासून गेलें होतें व आंतील तांबें धातूस टेकलें होतें. म्हणजे कोणी न दाबतांच कळ कायमची दाबलेली राहिली होती! वायरीवर चिकटपट्टी गुंडाळून ती जागच्या जागीं जोडतांच इंजिन दुसऱ्या ओढीस सुरू झालें.

येथेंही दोष न सांपडता तर? मग फ्लायव्हीलच्या आंत पाहावें लागतें. इंजिन फार दिवस पडून राहिल्यास पॉइंटांवर गंज चढतो. बारीक कानशीनें घासून ते स्वच्छ कागदानें पुसावे व त्यांतील फट त्या इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणें ठेवावी. पॉइंट वारंवार जळत असल्यास कंडेन्सर संशयित होय. इंजिन थंड असतां चालतें व तापल्यावर बंद पडतें, अशा वेळीं कॉइल बहुधा दोषी असते. ठिणगी उत्तम असूनही इंजिन उलटा झटका देत असेल, तर फ्लायव्हीलची चावी तुटून ठिणगीची वेळ चुकली असण्याचा संभव असतो. नव्या इंजिनांत पॉइंटांच्या जागीं विद्युत्-यंत्रणा असते. तेथें हें काम कुशल कारागिरावर सोंपवावें.

पालकांसही आमची एक विनंती आहे. पाठीवरील पेट्रोल फवारणी यंत्र व गवत कापण्याचें यंत्र यांतही अशीच चुंबक-कॉइलची ठिणगी असते. मुलांनीं हा प्रयोग वडीलधाऱ्यांवांचून करूं नये. पेट्रोलची वाफ डोळ्यांस दिसत नाहीं, पण पेट घेते.

ता. २१ मे २०२४ रोजीं याच जलाशयांत कुगांव व कळाशी यांच्या दरम्यान वादळांत होडी उलटून सहा जण बुडाले. त्या दुःखाचें कारण वारा होता, इंजिन नव्हे. परंतु इंजिन बंद पडलेली होडी वाऱ्याच्याच स्वाधीन होते, हें आम्हीं त्या दिवशीं अनुभविलें. अंगांत तरंगतीं जाकिटें व होडींत वल्हीं होतीं, म्हणूनच मामांस शांतपणें विचार करतां आला.

आम्हीं पाहण्यापूर्वीं निदान केलें. मामांनीं एका वेळीं एकच गोष्ट बदलली, तिचा परिणाम पाहिला व मगच पुढचें पाऊल टाकलें. प्रयोगशाळेंत आम्ही मुलांस हेंच शिकवितों. त्या दिवशीं तें आम्हांस पुन्हां शिकावें लागलें, व तें शिकविणाऱ्या मामांचे आम्ही ऋणी आहों.