आधी पाणी, मग मासा

बाळा, खाऱ्या पाण्याची टाकी आणतोयस हे ऐकून आत्याला किती बरं वाटलं म्हणून सांगू! तुझा उत्साह दुकानात, सिनेमात पाहिलेल्या डोरी माशापाशी धावणार हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी एवढं वाच.

१. मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम धर आणि खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ आलं की थांब — मोजेल तो तरेल, अंदाजाने घालेल तो हरेल. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, त्यात समुद्रातलं मॅग्नेशियम-कॅल्शियम कुठून असणार?

२. पाणी आरओचंच घे आणि त्यात मीठ घाल, मिठावर पाणी ओतू नकोस — नाहीतर क्षार साका होऊन तळाशी बसतात.

३. टाकीची पातळी उतरली की भर घालायची ती गोड्या पाण्याची — वाफ होऊन जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं.

४. पहिला महिना-दीड महिना टाकीत मासा सोडायचाच नाही. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, आणि ते खाणारे जिवाणू खडकावर नि वाळूत सावकाश वस्ती करतात. त्या दिवसांत काचेवर तपकिरी भुकटीसारखं शेवाळ धरेल, वाळूही मळकट दिसेल. घाबरून सगळं धुवायला काढू नकोस, ते आपोआप ओसरतं. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मगच दुकानाची पायरी चढ — पाणी पिकलं की मासा टिकतो.

५. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोल ठेव — ओघळणारं खारं पाणी झोलाच्या टोकावरून खाली टपकतं, सॉकेटात शिरत नाही. एवढ्या साध्या गोष्टीने घरं वाचतात रे.

६. बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असू दे — वीज गेली की मासे उपाशी मरत नाहीत, प्राणवायूवाचून मरतात.

७. एप्रिल-मेमध्ये पाण्यावर पंखा लाव, पारा २५-२६ अंशांच्या आसपास राहू दे — पाणी तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. समुद्रातही हेच चाललंय. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं प्रवाळांचं चौथं मोठं विरंजन जाहीर केलं.

८. खडक कधी उकळू नकोस — त्यावर चिकटलेल्या झोअँथिड नावाच्या प्रवाळासारख्या जिवांमध्ये जहाल विष असू शकतं आणि ते वाफेतून फुप्फुसात जातं.

९. पहिला मासा क्लाउनफिश घे, तोही हॅचरीत जन्मलेला, विचारून खात्री करून — केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या (सीएमएफआरआय) मंडपम केंद्राने ही पैदास करून दाखवली आहे, मग समुद्रातून ओरबाडायचं कशाला? डोरी फूटभर वाढते, तिला तुझी टाकी पुरणार नाही. आणि सिनेमा पाहून मासा घेणं मला कधीच पटलेलं नाही.

१०. "समुद्रातलं अस्सल प्रवाळ देतो" असं कुणी म्हणालं की हात जोडून निघून ये — आपल्याकडे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या शेजारी.

११. मालवणला स्नॉर्केलिंगला जाशील तेव्हा सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाय टेकायला खडक शोधू नकोस — तो खडक जिवंत असतो, आणि वर्षानुवर्षं सावकाश वाढलेलं एका टाचेखाली तुटतं. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा कपडा घाल. होडीवाल्या दादांना नांगर वाळूत टाकायला सांग. चारचौघांनी आग्रह धरला की तेही मनावर घेतात.

१२. टाकी आवरायची वेळ आली तर मासे दुकानदाराला नाहीतर दुसऱ्या हौशीला दे, समुद्रात सोडू नकोस — फ्लोरिडाकडे लायनफिश शिरला तो बहुधा असाच, आणि आज अटलांटिकच्या खडकांवरचे छोटे मासे तो फस्त करतोय.