विमान दुरुस्तीचे शिक्षण : कारागिरांच्या मुलांसाठी दोन वाटा

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. अलायन्स एअरचे ते एटीआर-७२ विमान पाहायला पुष्कळ लोक उत्सुक होते. परंतु विमानाची देखभाल करून ते उडण्यास योग्य असल्याची सही देणाऱ्या तंत्रज्ञाचा विचार किती पालकांनी केला? वऱ्हाडात आपल्या अनेक घरांत मोटार दुरुस्ती, वेल्डिंग, पत्राकाम, वायरिंग हे हुनर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्याच हुनरावर हा धंदा उभा आहे. फरक आहे तो कागदाचा.

गॅरेजमध्ये नट किती आवळायचा हे उस्तादाच्या हाताला कळते. विमानात तो आकडा पुस्तकात पाहावा लागतो, मोजणाऱ्या पान्यानेच आवळावा लागतो आणि केलेल्या कामाची नोंद करावी लागते. काम संपल्यावर हत्यारे मोजून घेतात. एक स्क्रू-ड्रायव्हर कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. पुस्तके इंग्रजीत असतात. म्हणून हात चांगला असूनही वाचनात कच्चा असलेला मुलगा येथे मागे पडतो.

दहावीनंतरची वाट

नागपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये फ्रान्सच्या दसॉल्ट कंपनीच्या सहकार्याने २०१९ मध्ये 'एरोनॉटिकल स्ट्रक्चर अँड इक्विपमेंट फिटर' हा दोन वर्षांचा ट्रेड सुरू झाला. विमानाच्या सांगाड्याचे पत्रे, रिव्हेट आणि जोडणी हे त्यातील मुख्य काम. पत्राकाम करणाऱ्यांच्या मुलांना ते परके वाटणार नाही. येथून विमानाचे भाग बनविणाऱ्या कारखान्यांकडे जाता येते. नागपूरच्या मिहानमध्ये असे काम चालते. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स आयटीआय झालेल्यांना अप्रेंटिस म्हणून घेते. मात्र या ट्रेडने विमान सोडण्याची सही करण्याचा अधिकार मिळत नाही.

बारावीनंतरची वाट

तो अधिकार एएमई, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर, या लायसन्सने मिळतो. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. बी-१ वर्गात सांगाडा व इंजिन, तर बी-२ वर्गात विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणा येतात. बी-१.१ व बी-२ चा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम २,४०० तासांचा असतो.

येथेच अनेक पालक फसतात. कॉलेजचे प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स नव्हे. लायसन्स देते केंद्र सरकारचे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. त्यासाठी डीजीसीएच्या परीक्षा विषयवार पास व्हाव्या लागतात आणि चालत्या विमानांवरील कामाचा अनुभव दाखवावा लागतो. पुढे ज्या जातीच्या विमानावर सही करायची, त्याचे वेगळे प्रशिक्षणही घ्यावे लागते. तेव्हा बारावीनंतर चार वर्षे तरी धरून चालावे. लायसन्स नसलेला तंत्रज्ञ लायसन्सधारकाच्या हाताखाली काम करू शकतो, पण सही करू शकत नाही. पगारातही मोठा फरक पडतो.

पैसे भरण्यापूर्वी

१) संस्थेचे नाव डीजीसीएच्या मान्यताप्राप्त सीएआर-१४७ संस्थांच्या यादीत आहे का, आणि कोणत्या वर्गासाठी, हे स्वतः पाहावे. संस्थेने दाखविलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये.

२) प्रत्यक्ष अनुभव कोठे आणि किती महिने मिळणार, हे लेखी घ्यावे.

३) गेल्या दोन-तीन वर्षांत किती विद्यार्थ्यांना लायसन्स मिळाले, हे विचारावे. 'नोकरीची शंभर टक्के हमी' या जाहिरातीपेक्षा हे उत्तर मोलाचे.

४) मुलाचे डोळे तपासून घ्यावेत. तारांचे रंग ओळखता आले पाहिजेत.

५) फी काही लाखांत जाते. दुकान किंवा दागिने गहाण ठेवण्यापूर्वी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. निवडलेला अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे प्रवेशाआधीच विचारावे.

नागपूरच्या मिहानमध्ये बोईंगने बांधलेला विमान दुरुस्ती तळ २०१५ मध्ये सुरू झाला. म्हणजे हे काम आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे. मुलगा आठवी-नववीत असेल तर सुट्टीत त्याला दुकानात जरूर बसवावे, पण संध्याकाळी गणिताचे आणि इंग्रजीचे पुस्तकही त्याच्या हातात द्यावे. हुनर घरचे आहे, सहीचा हक्क मात्र अभ्यासानेच मिळवावा लागेल.