सात वर्षांच्या आतले मूल

वर्धा जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला "वर्धा शिक्षण योजना" हे नाव नवीन नाही. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात ती एका ओळीत येते : १९३७, अध्यक्ष महात्मा गांधी, समितीचे प्रमुख डॉ. झाकीर हुसेन. झाले! मीही ती ओळ तशीच पाठ केली होती. तिच्या मागे काय आहे हे पाहण्याची पाळी माझ्यावर आली ती अभ्यासक्रमामुळे नव्हे, तर माझ्या साडेतीन वर्षांच्या भाच्यामुळे.

गेल्या जूनमध्ये माझ्या भावाने त्याला तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घातले. सकाळी सात वाजता व्हॅन येते. पोर अर्धे झोपेत असते. वहिनी त्याला तसेच उचलून आत बसवते. दुपारी तो परत येतो तेव्हा त्याच्या वहीत चार रेघांत "ए"ची पूर्ण दोन पाने काढायचा गृहपाठ असतो. पेन्सिल त्याच्या मुठीत मावत नाही, बोटे दुखतात, तो रडतो, आणि वहिनी त्याचा हात धरून ती पाने स्वतःच भरते. आमच्या घरापासून शंभर पावलांवर अंगणवाडी आहे. तिथे जाणारी मुले गाणी म्हणत घरी येतात. पण भावाचे म्हणणे असे की, गाण्यांनी पोट भरत नाही.

मला हे बरे वाटेना. पण भावाशी वाद घालायचा तर हाताशी काही मुद्दे हवेत. म्हणून महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसून नई तालीमविषयी मिळेल ते वाचले. तेव्हा पहिली आश्चर्याची गोष्ट कळली ती ही, की मूळ वर्धा योजनेत माझ्या भाच्याला जागाच नव्हती!

१९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात २२ व २३ तारखांना वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. प्रांतांत नुकतीच काँग्रेसची मंत्रिमंडळे आली होती, आणि सर्व मुलांना शाळेत आणायचे तर पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न होता. गांधीजींनी मांडले की शिक्षण मातृभाषेतून द्यावे, ते सात वर्षे सक्तीचे व मोफत असावे, एखाद्या हस्तोद्योगाच्या भोवती ते गुंफावे, आणि मुलांनी केलेल्या वस्तूंतून शिक्षकाचा पगार निघावा. झाकीर हुसेन समितीने दोन डिसेंबरला अहवाल दिला. पुढच्या वर्षी हरिपुरा काँग्रेसने योजना मान्य केली आणि सेवाग्रामला (त्या वेळी ते शेगावच होते, सेवाग्राम हे नाव १९४० चे) हिंदुस्थानी तालिमी संघ सुरू झाला. शांतिनिकेतनातून आलेले आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्य त्याचे काम पाहू लागले.

ही योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. तिचे वेळापत्रक पाहून मी थक्क झाले. दिवसाचे साडेपाच तास. त्यांपैकी मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटे. संगीत, चित्रकला व गणिताला मिळून ४० मिनिटे. मातृभाषेला ४० मिनिटे. समाजशास्त्र व सामान्य विज्ञानाला ३० मिनिटे. कवायतीला १० आणि मधल्या सुटीला १० मिनिटे. सुटी दहा मिनिटांची! सात वर्षांच्या मुलाने तीन तास वीस मिनिटे टकळी चालवायची, हे मला तरी जड वाटते. ज्यांनी ही योजना केली त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, पण माझा भाचा आणखी चार वर्षांनी तिथे बसलेला मला डोळ्यांपुढे आणता येत नाही. त्या काळीही हा आक्षेप निघालाच होता. प्रा. के. टी. शाह यांनी परिषदेतच विरोध केला. शाळा म्हणजे बालमजुरीचे कारखाने होतील अशी टीका झाली. खुद्द झाकीर हुसेन समितीने अहवालात इशारा दिला की, उत्पन्नाकडे फार लक्ष दिले तर शिक्षणाचा मूळ हेतूच मागे पडेल.

पण गोष्ट इथे थांबली नाही, आणि माझ्या कामाची गोष्ट खरी इथूनच सुरू होते. १९४४ मध्ये गांधीजी आगाखान पॅलेसमधील कैदेतून सुटले. तुरुंगात त्यांनी नई तालीमचा पुन्हा विचार केला होता. सातव्या वर्षी शाळा सुरू करणे म्हणजे उशीर झाला, असे त्यांना वाटू लागले. मूल आईच्या पोटात असते तेव्हापासून त्याचे शिक्षण सुरू होते, म्हणून आईचे शिक्षण हेच मुलाचे पहिले शिक्षण, असे त्यांनी मांडले. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामला परिषद झाली आणि नई तालीमचे चार भाग ठरले : प्रौढ शिक्षण, सात वर्षांखालील पूर्व-बुनियादी, सात ते चौदाचे बुनियादी आणि त्यापुढचे उत्तर-बुनियादी. सेवाग्रामच्या पूर्व-बुनियादी शाळेचे काम शांता नारुलकर यांनी केले. तिथे लहान मुलांना अक्षरे गिरवायला लावीत नसत. हातपाय धुणे, नखे काढणे, अंगण झाडणे, छोट्या भांड्याने झाडांना पाणी घालणे, भाजी निवडणे, कापसातला कचरा वेचणे, माती, गाणी, गोष्टी : हाच अभ्यासक्रम. म्हणजे खेड्यातले मूल एरवी आईच्या मागेमागे जे करते तेच, फक्त समजून आणि मोठ्या माणसाने लक्ष देऊन.

मादाम माँटेसरी यांचे नाव या संदर्भात घ्यावेच लागते. त्यांचे पहिले "बालगृह" १९०७ मध्ये रोममध्ये, सान लोरेंझो या मजुरांच्या वस्तीत निघाले. आज ज्या शाळांच्या फलकांवर त्यांचे नाव असते त्यांची फी पाहिली, म्हणजे त्या मजुरांची आठवण येते. मूल स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या गतीने शिकते हे त्यांचे तत्त्व सेवाग्रामलाही मान्य होते. फरक साधनांचा होता. महागड्या लाकडी ठोकळ्यांऐवजी इथे सरकी, चिंचोके आणि मडकी होती.

हे सारे मी एका संध्याकाळी घरी मोठ्या उत्साहाने सांगितले. भाऊ ऐकून घेत होता. आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "काऊन वं, आमच्याच लेकराईनं वावरात कापूस येचाव, अन् शाळेत जाऊनबी सूतच काताव? मंग शाळा कायले पायजे?"

मला उत्तर देता आले नाही. आई कधी शाळेत गेली नाही. दहाव्या वर्षापासून तिने दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला आहे. तिच्या प्रश्नात एका ओळीत बुनियादी शाळांचा सारा इतिहास आहे, असे मला पुढे वाचताना दिसले. स्वातंत्र्यानंतर सरकारने बुनियादी शाळा काढल्या, पण त्या मुख्यतः खेड्यांत. शहरांतले अधिकारी आपली मुले दुसऱ्या शाळांत पाठवीत. खेड्यातल्या माणसाला वाटले की ही आपल्याला आहे तिथेच ठेवण्याची युक्ती आहे. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या हातकाम करण्यात गेल्या त्यांना हातकामाचे महत्त्व सांगायचे, आणि ज्यांनी कधी केले नाही त्यांनी इंग्रजी शिकायचे, हा न्याय कोणाला पटेल? योजना मागे पडली ती केवळ शिक्षक तयार नव्हते म्हणून नव्हे.

ताराबाई मोडक यांना हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटला. ताराबाई लग्नानंतर काही वर्षे आपल्या शेजारच्या अमरावतीत राहिल्या होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. तिथे बालवाडी काढली, तर बऱ्या घरची मुले आली, हरिजनवाड्यातली येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! पुढे कोसबाडला आदिवासींची मुले गुरे राखायला जात, म्हणून कुरणात शाळा भरवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली, आणि तिच्या केंद्रांना आज देशभर अंगणवाडी म्हणतात. आमच्या घरापासून शंभर पावलांवरची ती खोली बोर्डीच्या त्या अंगणाची नात आहे, हे मला ठाऊक नव्हते. गावात तिला अजून "खिचडीची शाळा" म्हणतात.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ हा वयोगट "पायाभूत टप्पा" म्हणून धरला आहे. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. म्हणून या वयात खेळ, गोष्टी आणि घरची भाषा यांवर भर द्यावा, असे त्यात म्हटले आहे. सेवाग्रामला नई तालीम समितीने २००५ पासून पुन्हा शाळा चालवली आहे, आनंद निकेतन. मराठी माध्यमाची, शेती, कताई, स्वयंपाक हा तिथे अभ्यासाचा भाग आहे. तेव्हा विचार जुना पडला असे कोणी म्हणू नये.

नोव्हेंबरात वेचणी चालू असताना मी एक प्रयोग केला. प्रयोग हा शब्द मोठा आहे. भाच्यापुढे कापसाची दोन फुटलेली बोंडे ठेवली आणि गप्प बसले. त्याने एकाचे कप्पे मोजले, चार. दुसऱ्याचे मोजले, पाच. मग बराच वेळ दोन्हींकडे पाहून म्हणाला, "आत्या, याच्यात एक जास्त हाये." नर्सरीत तो पन्नासपर्यंत आकडे इंग्रजीत घडाघडा म्हणतो, पण "एक जास्त" हे त्याला त्या दिवशी दिसले. आम्ही सरक्या काढून मोजायला बसलो, प्रत्येक कप्प्यात सात-आठ. तिसाच्या पुढे आमचा हिशेब चुकला. आई दाराशी उभी होती. ती येऊन बसली आणि बोटांनी भराभर सरक्या वेगळ्या करू लागली. पाच कप्प्यांचे बोंड हाताला कसे जड लागते, ओटी किती भरली म्हणजे किती किलो कापूस झाला, हे तिने भाच्याला सांगितले. मलाही ते नवे होते. एकोणीस वर्षे मी तिच्याबरोबर राहते आहे, आणि तिला अंदाजाचे गणित येते हे मी कधी विचारले नव्हते.

भावाचे म्हणणे मात्र खोडून काढता येत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. गाणी म्हटली, चिखलात खेळले, कोणी माझा हात धरून वही भरली नाही. आणि आज महाविद्यालयात इंग्रजीच्या तासाला मी मागच्या बाकावर बसते. सरांनी नाव घेतले की घशाला कोरड पडते. भावाने हे पाहिले आहे. त्याने स्वतः दहावीनंतर शिक्षण सोडले. व्हॅनचे पैसे तो कापसाच्या चुकाऱ्यातून देतो, ते काही हौस म्हणून नव्हे. घरच्या भाषेत पाया पक्का झाला तर पुढे दुसरी भाषा सोपी जाते, असे तज्ज्ञ सांगतात. ते खरे असेल; पण पुढे ती दुसरी भाषा नीट शिकवणारा कोणीतरी भेटावा लागतो. मला तो भेटला नाही.

हे मी भावाला सांगितले तेव्हा तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "त्याले अंगणवाडीत टाकतो मी. पण मंग इंग्रजी तू शिकव."

पुढच्या वर्षीचा पहिला हप्ता एप्रिलमध्ये भरायचा आहे. मी त्याला हो म्हटले आहे. ग्रंथालयातून इंग्रजी बालगीतांचे एक पुस्तक आणले आहे. त्यातल्या ज्या शब्दांचे उच्चार मला येत नाहीत ते खुणा करून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या मैत्रिणीला विचारते. पहिल्या आठवड्यात अशा अकरा खुणा झाल्या.