बंब अंगणात, ऊन पाणी न्हाणीत : गॅस गीझरची सुरक्षित जोडणी

बारामती शहराला लागून असलेले जळोची हे एकेकाळचे स्वतंत्र गाव आता बारामती नगरपरिषदेच्या हद्दीत आले आहे. बाजार समितीचा फळे व भाजीपाल्याचा उपबाजार येथे भरतो आणि औद्योगिक वसाहतही जवळच आहे. त्यामुळे जुन्या वाड्यांच्या व शेतघरांच्या शेजारी सिमेंटची नवी घरे, बंगल्या आणि भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या आहेत. घरांची धाटणी जशी बदलली, तशी स्नानाचे पाणी तापविण्याची रीतही बदलली. हा बदल सोयीचा आहे. मात्र त्यासोबत एक नवा धोका घरात आला असून, तो डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला जाणवत नाही. त्याची नीट ओळख करून घेणे आणि गॅसवर चालणारा गीझर कोठे व कसा बसवावा हे जाणून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

जुन्या रीतीतील शहाणपण

पूर्वी या भागात पाणी तापे ते परसदारी. कोठे तीन दगडांच्या चुलवणावर हंडा चढे, तर कोठे तांब्याचा बंब असे. बंबाच्या मधल्या नळकांड्यात बाभळीची ढलपी, तुरकाठ्या किंवा गोवऱ्या जळत, राख खालच्या जाळीतून पडे आणि तोटीतून कढत पाणी घंगाळात येई. बंब अंगणात किंवा पडवीच्या टोकाला ठेवण्याचे कारण साधे होते. धुराने डोळे चुरचुरत, ठसका लागे, भिंती काळवंडत. म्हणून आग बाहेर राही आणि आत येई ते केवळ ऊन पाणी.

स्वयंपाकाचा गॅस मुंबईसारख्या शहरात १९५० नंतरच्या दशकात आला आणि पुढे खेड्यापाड्यांत पोहोचला. या गॅसला धूर नाही. भांडी काळी पडत नाहीत, डोळ्यांतून पाणी येत नाही. धूर नाही म्हणून बंब बाहेर ठेवण्याचे कारणही उरले नाही, असा समज झाला आणि अंगणातील आग गीझरच्या रूपाने स्नानगृहाच्या भिंतीवर येऊन बसली. चूक झाली ती येथेच. धूर ही आगीने दिलेली सूचना होती. सूचना थांबली म्हणजे धोका संपला, असा त्याचा अर्थ नव्हता.

गॅस जळतो तेव्हा काय घडते?

सिलिंडरमधील वायू हा मुख्यतः प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असतो. तो पुरेशा हवेत जळला म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते. हवा अपुरी पडली तर ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चवही नाही. श्वासावाटे तो रक्तात गेला म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. परिणामी छातीत श्वास भरलेला असूनही मेंदूला व हृदयाला प्राणवायू मिळत नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. गॅस गळल्यास उग्र वास येतो, कारण मूळच्या बिनवासाच्या वायूत ओळखीसाठी मर्कॅप्टन हे द्रव्य मिसळलेले असते. परंतु ते द्रव्यही ज्योतीत जळून जाते. म्हणजे वास नसणे हे फार तर गळती नसल्याचे लक्षण होय; स्नानगृहातील हवा शुद्ध असल्याचे नव्हे.

थोडा हिशेब मांडला म्हणजे धोक्याचे स्वरूप स्पष्ट होते. मिनिटाला सहा लिटर पाणी तापविणारा साधा गीझर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. स्वयंपाकघरातील शेगडीचे पाच-सहा बर्नर एकाच वेळी मोठे केल्यासारखेच हे आहे. एक किलो गॅस पूर्ण जळण्यास बारा ते तेरा घनमीटर हवा लागते. दहा मिनिटांच्या एका स्नानात सुमारे दीडशे ग्रॅम गॅस जळतो, म्हणजे जवळजवळ दोन घनमीटर हवेतील प्राणवायू खर्ची पडतो. पाच फूट लांब, चार फूट रुंद आणि आठ फूट उंच स्नानगृहात मुळात हवाच साडेचार घनमीटर असते. दार लावलेले आणि थंडी वाजते म्हणून झरोक्याला पुठ्ठा अडकवलेला, अशा स्थितीत पहिल्या माणसाचे स्नान उरकेपर्यंतच हवा निकृष्ट होऊ लागते. पाठोपाठ दुसरा आणि तिसरा माणूस आत जातो, त्याच्या वाट्याला त्याहून वाईट हवा येते.

डोके जड होणे, चक्कर, मळमळ, पायांतील बळ जाणे, झटके येणे आणि शुद्ध हरपणे ही विषबाधेची लक्षणे होत. स्नानगृहात आलेले झटके अपस्माराचे समजून उपचार झाल्याची उदाहरणे भारतातील डॉक्टरांनी नोंदविली असून, या प्रकारास ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावही दिले आहे. मुंबई, पुणे, नाशिक या शहरांतून हिवाळ्यात अशा दुर्घटनांची वृत्ते वारंवार आली आहेत. दाराला आतून कडी असल्याने बाहेरच्यांना वेळीच कळत नाही, ही त्यातील सर्वांत दुःखद बाब होय.

जागेची निवड

यावरील उपाय जुन्या बंबानेच दाखविला आहे. आग बाहेर ठेवावी, पाणी आत आणावे. अमेरिकेत घर उबदार ठेवण्याची गॅसभट्टी अनेक ठिकाणी घराबाहेर एका पेटीत बसवितात आणि तेथून केवळ गरम हवा आत नेतात. तत्त्व तेच आहे.

गीझर स्नानगृहाच्या बाहेरील बाजूस, उघड्या अंगणातील, गच्चीवरील किंवा मोकळ्या सज्जातील पक्क्या विटांच्या अथवा काँक्रीटच्या भिंतीवर बसवावा. काचा लावून बंद केलेला सज्जा, जिन्याखालची कोंदट जागा किंवा दोन इमारतींमधील अरुंद बोळ ही मोकळी जागा नव्हे. गीझर खिडकीच्या अथवा झरोक्याच्या खाली किंवा लगत नसावा. अन्यथा बाहेर टाकलेला वायू पुन्हा आत शिरतो. स्नानगृहात हवा बाहेर फेकणारा पंखा असेल तर अधिक दक्षता हवी, कारण असा पंखा झरोक्यातून बाहेरची हवा आत ओढू शकतो. शेजाऱ्याची खिडकीही याच नियमात येते.

बाहेर बसविताना वारा आणि पाऊस यांचा विचार करावा लागतो. घरगुती गीझरचे सर्वच नमुने उघड्यावर वापरण्यासाठी बनविलेले नसतात. खरेदीपूर्वी माहितीपुस्तिका पाहून विक्रेत्याकडून तशी खात्री करून घ्यावी. पावसाळ्यातील झड पश्चिमेकडून येते, म्हणून शक्यतो पश्चिमेची भिंत टाळावी. वर छज्जा असावा, मात्र गीझरचे तोंड आणि छज्जा यांत पुस्तिकेत दिलेले अंतर मोकळे सोडावे. पावसापासून रक्षण व्हावे म्हणून गीझर चारही बाजूंनी पत्र्याच्या कपाटात कोंडणे ही मोठी चूक होय, कारण तसे केल्यास बाहेरची जागाही बंद खोलीसारखीच होते. ज्योत पाहण्याचे छिद्र डोळ्यांच्या उंचीवर येईल अशा बेताने गीझर टांगावा. ज्योत विझताच गॅस आपोआप बंद करणारी यंत्रणा त्यात असलीच पाहिजे.

बाहेर अशी जागाच नसेल तर गॅस गीझरचा आग्रह धरू नये. विजेचा किंवा सौर ऊर्जेवरील बंब हा पर्याय स्वीकारावा. वीजबिलात होणाऱ्या बचतीसाठी माणसाचा जीव पणाला लावणे हा व्यवहार होत नाही. खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकांनी तर हे विशेषच लक्षात घ्यावे, कारण गीझर कोठे बसवावा हे भाडेकरू ठरवीत नसतो.

सिलिंडर, नळी आणि पाणी

सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असतो. गळाल्यास तो वर न जाता जमिनीलगत पसरतो आणि खोलगट जागेत साचतो. म्हणून सिलिंडर खड्ड्यात, तळघरात किंवा गटाराच्या तोंडाजवळ ठेवू नये. तो सावलीत, जमिनीच्या पातळीवर सपाट ओट्यावर नेहमी उभाच ठेवावा. संरक्षणासाठी जाळीचा पिंजरा केल्यास त्याच्या तळाशी हवा खेळती असावी. विजेचा खटका किंवा चूल जवळ नसावी.

जोडणीसाठी भारतीय मानक चिन्ह असलेली, आतून पोलादी तारेचे बळ दिलेली नारिंगी सुरक्षा नळी वापरावी. तिची लांबी दीड मीटरपेक्षा अधिक नसावी आणि ती पाच वर्षांनी बदलावी. अंतर जास्त असल्यास तेवढ्या भागात धातूची पक्की नलिका अधिकृत वितरकाच्या तंत्रज्ञाकडून बसवून घ्यावी. रबरी नळी भिंतीतून किंवा दारा-खिडकीच्या फटीतून नेऊ नये. सर्व सांध्यांना साबणाचे पाणी लावावे. फुगे आले तर गळती आहे असे समजावे. आगकाडी पेटवून गळती शोधण्याचा प्रयत्न कधीही करू नये.

पाण्याचा प्रवाह सुरू होताच त्याच्या दाबाने गीझरमधील झडप उघडते, ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. त्यासाठी टाकीतील पाणी गीझरच्या साधारण दोन ते तीन मीटर वर असावे लागते. एकमजली घराच्या स्लॅबवर नुसती ठेवलेली टाकी पुष्कळदा अपुरी ठरते. मग दाब मिळत नाही म्हणून कोणी गीझर खाली आणतो, कोणी आतल्या भिंतीवर घेतो. त्याऐवजी टाकी उंच चौथऱ्यावर ठेवावी. बाहेरून आत येणारी नलिका गरम पाणी सोसणारी असावी. थंड पाण्याची साधी प्लॅस्टिकची नळी येथे चालत नाही. नलिकेवर उष्णतारोधक आवरण चढविल्यास पाणी वाटेत निवत नाही.

चाचणी आणि नित्याची निगा

जोडणी पूर्ण झाल्यावर गीझर दहा मिनिटे चालवून पाहावा. ज्योत निळी व स्थिर हवी. पिवळी, लवलवणारी ज्योत किंवा काजळी हे अर्धवट ज्वलनाचे चिन्ह होय. अशा वेळी गीझर बंद करून तंत्रज्ञास बोलवावे. चाचणी चालू असता स्नानगृहातील झरोक्याशी पेटती उदबत्ती धरावी. धूर आतल्या बाजूस वळत असेल तर बाहेरची हवा आत येत आहे असे समजावे, आणि गीझर त्या झरोक्यापासून दूर हलवावा.

वर्षातून एकदा, शक्यतो दिवाळीपूर्वी, बर्नर व वरचे तोंड साफ करून घ्यावे. उघड्यावरच्या गीझरमध्ये कुंभारमाशी मातीची घरे करते, जळमटे साचतात आणि धुराची वाट बंद होते. विंधन विहिरीचे जड पाणी वापरणाऱ्या घरांत आतील नलिकांवर क्षारांचा थर बसतो, तोही काढून घ्यावा. रात्री आणि गावाला जाताना रेग्युलेटर बंद करावा.

ज्या घरांत गीझर आजही आत आहे, तेथे तो बाहेर नेईपर्यंत बादली आधी भरून घ्यावी, गीझर बंद करावा, दार काही वेळ उघडे ठेवावे आणि मगच स्नानास जावे. दोन स्नानांमध्ये अंतर ठेवावे. ही तात्पुरती सोय आहे, कायमचा उपाय नव्हे.

दुर्घटना घडल्यास

स्नानगृहातून हाकेला उत्तर आले नाही तर विलंब न लावता दार उघडावे, प्रसंगी तोडावे. श्वास रोखून आत जावे, व्यक्तीस तत्काळ मोकळ्या हवेत आणावे आणि गॅस बंद करावा. श्वास थांबला असल्यास, शिकलेल्या व्यक्तीने कृत्रिम श्वसन द्यावे. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बारामतीत उपजिल्हा रुग्णालय आहे आणि २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. डॉक्टरांना ‘गॅसचा गीझर चालू होता’ हे वाक्य आवर्जून सांगावे. बोटाला लावून प्राणवायू मोजणारे साधे यंत्र या विषबाधेत फसवे, चांगले आकडे दाखवू शकते; त्यामुळे घरच्यांनी दिलेली ही माहितीच योग्य उपचाराची दिशा ठरविते. रुग्णास बरे वाटू लागले तरी तपासणी टाळू नये. गॅसगळतीची तक्रार १९०६ या मदत क्रमांकावर करता येते.

गॅस गीझर हे वाईट साधन नव्हे. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये दहा मिनिटांची ऐंशी ते नव्वद स्नाने होतात, वीज नसतानाही पाणी मिळते आणि सरपणाचा शोध व धुराचा त्रास वाचतो. हवी आहे ती केवळ भिंतीची एक बाजू बदलण्याची तयारी. आतल्या बाजूचा गीझर बाहेरच्या बाजूस नेण्यास गवंड्याचे व नळ-कारागिराचे एक-दोन दिवसांचे काम पुरते. वाडवडिलांनी बंब अंगणात ठेवला तो धुराला कंटाळून. आजच्या पिढीने तो बाहेर ठेवावा तो न दिसणाऱ्या वायूला ओळखून. येत्या हिवाळ्याची पहिली थंडी पडण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आपल्या स्नानगृहाच्या भिंतीकडे एकदा या दृष्टीने पाहावे.