मुलांसमोर उभी राहा, पण कागद वाचून

अगं मनू, फोनवर तू ‘विचार करतेय’ म्हणालीस, पण मनातून तू हो म्हणून बसली आहेस हे मला कळलंय. पहिली ते चौथीची दोनशिक्षकी शाळा. एका गुरुजींची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. उरलेल्या एकट्या बाईंच्या मागे मतदारयाद्या आणि रोज भरायची ऑनलाइन माहिती. गावात बी.एस्सी. झालेली तू. शाळा व्यवस्थापन समितीनं वर्गणीतून मानधन ठरवून तुला बोलावलं, तर जरूर जा. त्या मुलांना आत्ता माणूस हवंय. पण तालुक्याच्या गावचा तो माणूस ‘वर्षभरात घरबसल्या शिक्षिकेचं सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणतोय ना, त्याबद्दल जरा निवांत बोलू.

शिक्षक कमी पडले की नेहमीच्या रस्त्याशेजारी एखादी जवळची वाट काढली जाते. अशा वाटा सगळ्याच वाईट असतात असं मी म्हणणार नाही. आपल्याकडच्या वस्तीशाळा आठव. २००० सालच्या सुमारास वाड्यावस्त्यांवर शाळा निघाल्या आणि तिथल्याच शिकलेल्या मुलामुलींना हजार रुपये मानधनावर निमशिक्षक म्हणून नेमलं. डी.एड. झालेलं तिथे जायला कुणी तयार नव्हतं, म्हणून बिनडी.एड.चे घेतले. दिवसा वर्ग घेऊन त्यांनी पुढे डी.एड. पूर्ण केलं. प्राथमिक शिक्षक म्हणून नियमित व्हायला मात्र २०१४ साल उजाडलं. मधली वर्षं मोर्चे, निवेदनं आणि तुटपुंज्या पैशांत गेली. माझ्या मते त्या वाटेनं चांगले शिक्षक घडले. पण सरकारनं मुलांची अडचण त्या निमशिक्षकांच्या तरुणपणावर भागवून घेतली, हेही तितकंच खरं.

दुसरी गोष्ट देशभराची. शिक्षण हक्क कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत मिळाली. त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेनं, म्हणजे एनआयओएसनं, अठरा महिन्यांचा डी.एल.एड. (म्हणजे पूर्वीचं डी.एड.) अभ्यासक्रम काढला. लाखो शिक्षकांनी तो केला, त्यात खासगी शाळांतले फार. सगळ्यांना वाटलं, सुटलो. मग २०२३च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की नव्या भरतीसाठी हा अभ्यासक्रम दोन वर्षांच्या डी.एल.एड.च्या बरोबरीचा नाही. वर्षभरानं, जे २०१७ साली खरोखर नोकरीत होते त्यांना दिलासा मिळाला. पण ज्यांनी नोकरीत नसताना कागदोपत्री ‘शिक्षक’ होऊन तो कोर्स केला, त्यांच्या हाती काय राहिलं?

आणि तुला सगळ्यात जवळचं सांगते. तू म्हणालीस, ‘ताई, बी.एड. केलं की कुठेही चालेल ना?’ नाही गं. २०१८ साली बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीसाठी दार उघडलं होतं, सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम करायच्या अटीवर. ११ ऑगस्ट २०२३ला सर्वोच्च न्यायालयानं ते बंद केलं. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कसब आहे, आणि त्याचं शिक्षण डी.एल.एड.मध्येच मिळतं, असं त्यामागचं म्हणणं. मला ते पटतं.

का पटतं सांगू? तिसरीतला मुलगा ४२ वजा १७ बरोबर ३५ लिहितो. तू बी.एस्सी. आहेस, ‘चूक’ म्हणून काट मारशील आणि रीत पुन्हा सांगशील. पण त्यानं काय केलंय ते बघ. एककात दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन काढले. त्याच्या डोक्यात वजाबाकी म्हणजे मोठ्यातून लहान काढायचं. त्याला दशकाचा गठ्ठा सोडून दाखवायला हवा, काड्या हातात देऊन. हे ओळखणं गणिताच्या पदवीत येत नाही. ते येतं मुलांपुढे उभं राहून, आणि मागच्या बाकावर बसलेल्या अनुभवी माणसानं नंतर शांतपणे सांगितल्यावर. घरबसल्या प्रमाणपत्रात तो मागचा बाकच नसतो. त्यात मनू, मला तुझ्या नोकरीइतकीच त्या मुलाचीही काळजी वाटते. त्याची तिसरी पुन्हा येणार नाही.

म्हणून असं कर. हे वर्ष शाळेत जा आणि त्या बाईंना विनंती कर, की ‘आठवड्यातून एकदा तरी माझा तास बघा.’ मला सुट्टी असेल तेव्हा मीही येऊन बसेन. वर्षाच्या शेवटी स्वतःला विचार, तुला लहानांत रमायचंय की मोठ्या वर्गांत. लहानांत असेल तर दोन वर्षांचं डी.एल.एड. आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, पेपर एक. सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवायचं असेल तर बी.एड.ची प्रवेश परीक्षा (सीईटी) आणि बी.एड., मग टीईटीचा पेपर दोन. पुढे भरतीसाठी अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची, प्राथमिकला महिना सोळा हजारांवर. लांबचं आहे, ठाऊक आहे मला. पण टीईटी टाळायचा विचारही करू नकोस. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५च्या निकालानं तर पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ती उत्तीर्ण व्हायला सांगितलंय.

शहरात फेलोशिपनं वर्गात जाणाऱ्या मुलीही मी बघते. टीच फॉर इंडियानं २००९ साली मुंबई-पुण्यात सुरुवात केली. पदवीधर निवडायचे, काही आठवडे तयारी, मग दोन वर्षं वर्ग आणि सोबत मार्गदर्शन. ती सोबतच मला मोलाची वाटते. पण त्यानं जिल्हा परिषदेच्या नोकरीची पात्रता येत नाही, एवढं धरून चाल.

तालुक्याच्या त्या माणसाला मात्र स्पष्ट विचार: संस्थेला एनसीटीईची, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची, मान्यता आहे का, असेल तर पत्र दाखवा. पैशानं सगळं होतं म्हणाला तर आठव, आपल्या राज्यात २०१९-२०च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवल्याचं उघड झालं आणि साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. त्यात कुणाकुणाच्या आईचे दागिने गेले असतील. समितीकडून नेमणुकीचं पत्र मागून घे, त्यावर मानधन आणि मुदत दोन्ही लिहून घे. आणि दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं कुणी ‘फक्त दोन दिवसांसाठी’ मागितली तरी घराबाहेर काढू नकोस.