ओव्हनमधील न पेटणारा बर्नर

गॅसवर चालणाऱ्या ओव्हनमध्ये बहुधा दोन बर्नर असतात. तळाच्या बर्नरने आतील हवा तापते. छतालगतच्या बर्नरला ग्रिल म्हणतात. त्याच्या प्रखर धगीने पदार्थाचा वरचा भाग खरपूस भाजला जातो. ग्रिलचा उपयोग क्वचितच होत असल्याने तो पुष्कळदा ऐन वेळी पेटत नाही. मग बटण पुनःपुन्हा फिरवून पाहण्याचा मोह होतो. खरा धोका येथेच आहे.

स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण होय. तो हवेहून दीड ते दोन पट जड असल्यामुळे न जळता बाहेर पडल्यास खाली साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ ते ९ टक्के झाले, की एक ठिणगीही स्फोटास पुरते. म्हणून काही सेकंदांत ज्योत न आल्यास बटण बंद करावे, ओव्हनचे दार व खिडक्या उघडाव्यात आणि वास पूर्णपणे जाईपर्यंत थांबावे. वास रेंगाळत राहिल्यास रेग्युलेटर बंद करावा, विजेच्या कोणत्याही बटणास हात लावू नये व घराबाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

वास नसेल, तरच दोषाचा शोध घ्यावा. प्रथम तळाचा बर्नर पेटतो काय, ते पाहावे. तोही पेटत नसेल, तर दोष पुरवठ्यात असण्याचा संभव अधिक. जबलपूरच्या हिवाळ्यात पहाटे पारा दहा अंशांखाली उतरतो. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळतो; त्यामुळे थंडीत त्याची वाफ मंदपणे होते व संपत आलेल्या सिलिंडरचा दाब घटतो. तेव्हा सिलिंडर गरम पाण्यात ठेवणे किंवा त्याला शेक देणे हा घातक उपाय होय. सिलिंडर बदलणे हेच योग्य.

तळाचा बर्नर पेटत असेल, तर दोष ग्रिलपुरताच आहे. ठिणगी पडत नसल्यास तिच्या टोकावर ओल किंवा चिकटा साचलेला असू शकतो. पावसाळ्यात असे विशेषेकरून घडते. ठिणगी पडूनही ज्योत न आल्यास गॅसचे बारीक छिद्र काजळीने वा कोळ्याच्या जाळ्याने बुजलेले असू शकते. ते सुईने कोरू नये. छिद्र रुंदावले तर गॅसचे प्रमाण बिघडते.

कधी बटण दाबून धरले असता ज्योत राहते आणि सोडताच विझते. येथे थर्मोकपल तपासावे लागते. दोन भिन्न धातूंचा सांधा तापला असता वीज निर्माण होते, हे झेबेक यांना १८२१ मध्ये आढळले. त्याच तत्त्वावर, ज्योतीने तापलेले थर्मोकपल अल्पशी वीज देते व तिच्या बळावर गॅसची झडप उघडी राहते. ज्योत विझली, की सांधा निवतो आणि झडप आपोआप मिटते. थर्मोकपल सैल, मळलेले वा निकामी झाल्यास झडप ज्योत असतानाही मिटते. गैरसोय झाली, तरी घर सुरक्षित राहते. ही झडप बांधून उघडी ठेवणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून दार सताड उघडे टाकणे होय. थर्मोकपल जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावे. तोवर भाजणे तळाच्या बर्नरवर भागवावे.