घटक ५ : धर्मसंज्ञांचे भाषांतर — ‘निद्दा’ म्हणजे ‘विटाळ’ नव्हे

५.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण शब्दाचा अर्थ आणि अर्थक्षेत्र यांतील फरक अभ्यासला. प्रस्तुत घटकात तोच फरक ज्यू धर्मातील कुटुंबशुद्धीच्या नियमांच्या आधारे पाहू. हा विषय मराठीला परका नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी आहे. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर अशी त्यांची आडनावे आहेत. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले.

५.२ नियमांचे स्वरूप

मासिक पाळीच्या काळातील स्त्रीस हिब्रूत ‘निद्दा’ म्हणतात. हा शब्द सामान्यतः ‘दूर होणे’ या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. या काळात पतिपत्नींचा शरीरसंबंध वर्ज्य असतो; परंपरेने परस्परस्पर्शही टाळला जातो. स्राव थांबल्यावर सात निर्मळ दिवस मोजावयाचे आणि त्यानंतर रात्री ‘मिकवे’मध्ये पूर्ण बुडी घ्यावयाची, असा क्रम आहे.

येथे व्यावहारिक प्रश्न उपस्थित होतात. पाणी कोणते चालेल? ‘मिकवे’ म्हणजे एकत्र झालेले पाणी. ते पावसाचे, झऱ्याचे किंवा समुद्राचे असावे. बादलीने अंगावर घेतलेल्या पाण्याने हा विधी पूर्ण होत नाही. अंगावर काय चालेल? पाणी सर्वांगास लागले पाहिजे. म्हणून अंगठी, बांगडी उतरवावी लागते, केस विंचरावे लागतात. नियमाच्या दृष्टीने गोराईच्या किनाऱ्यावरील समुद्रही पुरेसा आहे. परंतु रात्रीची वेळ, भरती-ओहोटी आणि एकांताचा अभाव लक्षात घेता त्यात अडचण आणि धोका दोन्ही आहेत. बांधीव मिकवेची गरज यातूनच कळते.

५.३ समानार्थाचा भास

‘निद्दा’चे भाषांतर ‘विटाळ’ असे करण्याचा मोह होतो. मराठीत ‘बाजूला बसणे’, ‘कावळा शिवणे’ हे वाक्प्रचार त्याच प्रसंगाचे आहेत. तथापि ‘विटाळा’ची व्याप्ती वेगळी आहे. त्यात स्वयंपाकघर, देवघर, लोणच्याची बरणी येते. जन्माने लादलेली अस्पृश्यताही येते. म्हणूनच संत सोयराबाईंनी अभंगात विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारला. प्रचलित ज्यू नियमांत मात्र मुख्य मर्यादा पतिपत्नींच्या संबंधापुरती आहे. त्या स्त्रीने केलेला स्वयंपाक अग्राह्य ठरत नाही. तिला प्रार्थनेस कायद्याने मज्जाव नाही. काही ठिकाणच्या रूढी अधिक कडक होत्या, ही गोष्ट निराळी. ‘विटाळ’ हा शब्द योजताच मराठी वाचक त्या स्त्रीला नकळत चुलीपासून दूर बसवतो.

५.४ ‘कुटुंबशुद्धी’ या संज्ञेतील धोका

‘तहारत हामिशपाखा’ या संज्ञेचे शब्दशः भाषांतर ‘कुटुंबशुद्धी’ असे होते. मराठीत हा शब्द ऐकताच कुळाची, वंशाची शुद्धता मनात येते. येथे तो अर्थ मुळीच नाही. दोन्ही गोष्टी एक मानल्यास बेने इस्राएलांच्या इतिहासाचेही चुकीचे आकलन होईल. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बींच्या आदेशानुसार या समाजातील वधूवरांच्या मातृकुळाची चौकशी आवश्यक ठरली. तो प्रश्न वंशाचा, विवाहयोग्यतेचा होता; स्त्रीच्या स्नानाचा नव्हता. समाजाने दीर्घ आंदोलन केले. १९६४ साली तेथील संसदेने हा समाज सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचा असल्याचे घोषित केले. आपल्याच भाषेत बोलणाऱ्या या माणसांचा अनुभव नेमका सांगावयाचा, तर शब्दही नेमका हवा.

५.५ सारांश

धर्मसंज्ञेचे भाषांतर करताना तीन प्रश्न विचारावेत : नियम कोणाला लागू आहे, किती काळ लागू आहे आणि कशापासून दूर ठेवतो? तिन्ही उत्तरे जुळली तरच मराठी प्रतिशब्द वापरावा. अन्यथा मूळ शब्द देवनागरीत ठेवून त्याचे स्पष्टीकरण द्यावे.

५.६ आपली प्रगती तपासा

१. ‘निद्दा’ व ‘विटाळ’ यांच्या अर्थक्षेत्रांची तुलना करा.
२. ‘सोयर’ आणि ‘सुतक’ या शब्दांना वरील तीन प्रश्न लावून त्यांची व्याप्ती स्पष्ट करा.